पाण्याची बारी

मी पांचाळ, सुतार माणूस. माझ्या हातात रंधा शोभतो, खराटा नाही, असं मी हनवतेबाईंना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. बाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, खराट्याच्या काड्या बी झाडाच्याच असतेत की." एवढं बोलून खराटा माझ्या हातात दिला आणि त्या भाकरीच्या पिठाकडं वळल्या. माझी बायको उदगीरला होती म्हणून बरं. तिनं मला अंगण झाडताना पाहिलं असतं तर आधी गल्लीभर सांगितलं असतं, आणि मग घरीही तेच काम माझ्या गळ्यात घातलं असतं.

पंचशीला हनवते हे त्यांचं पूर्ण नाव. आता त्या निवृत्त होऊन नांदेडला असतात आणि भाजीवाल्याशी अजून तितक्याच ठामपणे बोलतात. त्यांच्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहिणारही नाही, कारण त्यांनी कधी भाषण ठोकलं नाही की हार घालून फोटो काढून घेतला नाही. म्हणून मीच बसलो आहे. माझं मराठी सुताराचं आहे, कुठं गाठ राहिली तर सांभाळून घ्या.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा वेगळा झाला होता. वेगळं निघालेल्या भावाला जसं तवा-परातीपासून सगळं स्वतःचं लागतं, तसं त्या जिल्ह्याचं चाललं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, जीपगाड्या आल्या. वाट चुकलेली पोरं ठेवायला घर मात्र नव्हतं. कोर्टानं सोपवलेली उदगीर-अहमदपूरकडची पोरं तोवर नांदेडला ठेवत. मग एका संस्थेनं चाकूरच्या बाहेर बंद पडलेली कापसाच्या जिनिंगची जागा घेतली, वरचे पत्रे बदलले आणि बालगृह उघडलं. पाटीवर बालगृह होतं, पण आजूबाजूचे लोक 'पोरांचा जेल'च म्हणायचे. मला सुतारकाम शिकवायला नेमलं. बाई नांदेडहून गृहमाता म्हणून आल्या आणि सोबत तिथली पोरं घेऊन आल्या.

पोरं म्हणजे एकेक नमुना. नरसिंग परळीच्या स्टेशनावर वाढलेला आणि नांदेडच्या घरातून दोन-तीनदा पळालेला. रामकिशननं बांधाच्या भांडणात चुलत्याचं डोकं फोडलं होतं, आणि आपण पाटलाच्या घरचे हे तो झोपेतसुद्धा विसरत नसे. भीमानं कुणाच्या तरी मोटारीची तांब्याची तार काढून विकली होती. का विकली, हे तो कुणालाच सांगत नसे. बाकीची पोरंही याच वळणाची. मी पहिल्या आठवड्यात माझी पटाशी उशाखाली घेऊन झोपलो, खोटं कशाला बोलू.

बाई मात्र कड्या-कुलपं लावत बसल्या नाहीत. त्यांनी मला एक फळी करायला सांगितली. फळीवर कामांच्या ओळी होत्या: पाणी, भाकरी, भांडी, झाडलोट, संडास. खाली छिद्रं, आणि प्रत्येकाची एक खुंटी. रोज सकाळी खुंट्या एकेक घर पुढं सरकायच्या. जिथं खुंटी, ते तुझं काम. निम्म्या पोरांना वाचता येत नव्हतं, म्हणून खुंटीवर नावाऐवजी खूण कोरली. नरसिंगनं रेल्वेचं चाक मागितलं, रामकिशननं बैल, भीमानं चांदणी.

"आता माझी आन् तुमची करा," बाई म्हणाल्या.

"आपली कशाला?"

"आपण जेवत न्हाई का?"

माझ्या खुंटीवर मी रंधा कोरला. बाईंनी टिकाव कोरायला सांगितला. मी म्हटलं, बाईमाणसाला टिकाव कशाला, फूल-बिल काढतो. त्या म्हणाल्या, "टिकावच काढा." मी काढला.

ही अक्कल त्यांना कुठल्या पुस्तकातून आली नव्हती. बाई मूळच्या भोकरकडच्या. नांदेडला वसतिगृहात राहून मॅट्रिक झाल्या. लग्नानंतर नवरा विष्णुपुरीच्या धरणावर कामाला लागला, तेव्हा बाई तिथं मजूर बायकांची लेकरं सांभाळायच्या. त्या बायकांमध्ये रोज एक जण बारीनं मागं राहायची आणि सगळ्यांच्या भाकरी थापायची. ना मुकादम, ना दमदाटी. बाई म्हणायच्या, "बारी आली की माणूस आपसूक उठतंय, मास्तर. हुकूम आला की बसून राहतंय."

दर शनिवारी लिंबाखाली पोरांची सभा भरायची. महिन्याला एक सरपंच निवडायचा. सभेत पोरांनी हात वर करायचे. बाईंना आणि मला बोलायची मुभा होती, हात वर करायची नव्हती. ठराव झाला की आम्हीही तो पाळायचा. मला हे बिलकुल मंजूर नव्हतं. पोरांनी पहिलाच ठराव केला की अंघोळ एक दिवसाआड. बाईंनी कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. दोन आठवड्यांत त्या पत्र्याखाली असा वास सुटला की पोरांनीच सभा बोलावली आणि ठराव फिरवला. बाई नुसत्या हसल्या. त्यांचा स्वतःचा नियम एकच होता: वाढणारा सगळ्यांत शेवटी खातो. त्यामुळं आमच्याकडं वाटणी नेहमी सारखी व्हायची. दुसरा नियम म्हणाल तर, कुणी कुणाचं आडनाव विचारायचं नाही.

आणि मग दुष्काळ पडला. मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही, पण त्या वर्षी तो जिल्ह्याबरोबरच मुक्कामाला आल्यासारखा आला. आमचा हातपंप आधी खोकला, मग नुसती हवा ओकायला लागला. लातूरहून जीप आली. जीपमधून साहेब उतरले, पंपाचा दांडा एकदा वरखाली केला आणि म्हणाले, "पाण्याची सोय होत नसेल तर घर बंद करावं लागेल. मुलं परत नांदेडला."

नांदेडची इमारत मोठी, गजांची, कुलपांची. साहेब गेल्यावर नरसिंग सरळ बोलला, "तिकडं न्हेलं तर मी पळणार. आताच सांगून राहिलो." त्या महिन्याचा सरपंच तोच होता. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या घाबरल्या होत्या, हे मला पहिल्यांदाच दिसलं. हे घर मोडलं तर ही पोरं पुन्हा रस्त्यावर जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेजारी हणमंतरावांचा मळा होता. त्यांच्या विहिरीला तळाशी का होईना पाणी होतं. मोटार हवा खाऊ लागली होती, म्हणून दोरानं शेंदावं लागायचं. त्यांची लाकडी गडगडी, म्हणजे दोराचं चाक, मीच दुरुस्त करून दिली होती, त्या ओळखीवर मी गेलो. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "न्या की पांचाळ. पाण्याला न्हाई म्हणून कुठं जाऊ?"

पोरं बारीनं जाऊ लागली. फळीवरची पाण्याची ओळ आता दोराची झाली. दोर ओढायचा एकानं, वाहायचं सगळ्यांनी. चार दिवस सुरळीत गेले. मग दोराच्या ओळीत टिकावाची खुंटी यायची वेळ झाली आणि बाईंनी मळ्यात सहज सांगितलं, उद्या मीच येते. हणमंतरावांनी मला बाजूला घेतलं. बाई कुठल्या, आडनाव काय, आणि मग पोरांपैकी कोण कोणाचं, हे सगळं उकरून काढलं. नंतर म्हणाले, "मला काय न्हाई हो. आई जुनी हाय माझी. बाईनं आन् त्या पोरांनी दोराला हात लावू नये. बाकीचे काढतील, वरून वततील. पाणी समद्यांला भेटंल, तकलीफ न्हाई."

हे सगळं मला सभेत सांगावं लागलं.   रामकिशन म्हणाला, "मग मी काढतो की. त्यात काय." नरसिंगनं बाईंकडं पाहिलं. "बाई, तुमी बोला."

"मला बोलायची मुभा हाय. सक्ती न्हाई," बाई म्हणाल्या.

मग भीमा उठला. "मी ओंजळीनं पिईन. पण घर बंद नगं." एवढंच बोलून त्यानं पहिला हात वर केला. त्याचा हात पाहून एकेक करत सगळ्यांचे वर गेले. ठराव झाला. दोराची फिरती बारी बंद. ती ओळ टिकावाच्या खुंटीवर होती, तिथंच थांबली.

मला त्या रात्री अन्न गोड लागलं नाही. सकाळी मी बाईंवरच तडकलो. म्हटलं, "तुम्ही एक शब्द बोलला असता तर पोरांनी ऐकलं असतं. तुमच्या मानाचा प्रश्न होता."

बाई पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मी बोलले असते तर ठराव माझा झाला असता. पोरांचा न्हाई."

"आणि हा पोरांचा ठराव चांगला आहे?"

"न्हाई. पण त्यांचा हाय. त्यांनाच फिरवू द्या."

मग थोड्या वेळानं त्यांनी आपण होऊन सांगितलं. त्यांचा बाप केरबा भोकरकडं विहिरी खोदायचा. उन्हाळाभर टिकाव मारायचा, खडक फोडायचा, खालून दगड वर द्यायचा. तो खाली असेपर्यंत विहीर त्याची असायची. ज्या दिवशी पाणी लागायचं त्या दिवशी मालक नारळ फोडायचा, बापाच्या डोक्याला फेटा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून बापानं त्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. लहानपणी बाई बापाबरोबर शेतातून येत होत्या. तहान लागली. समोर बापानंच खोदलेली विहीर. बाप काठापासून लांब उभा राहिला आणि कुणी पाणी वाढील का म्हणून वाट बघत राहिला. "कोण आलंच न्हाई, मास्तर," बाई म्हणाल्या. "आमी तसंच घरी गेलो."   गरज सरो, वैद्य मरो ही म्हण मी शंभरदा वापरली असेल, पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आणि टिकावाचाही.

पण गंमत पुढंच आहे. दोराला हात लावायला चालणारी पोरं थोडीच होती. त्यांच्यावर रोजचं शेंदणं आलं. खोल विहीर, जाड दोर, वरून उन्हाचा तडाखा. रामकिशनच्या हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. आणि मनाई असलेला भीमा लिंबाच्या सावलीत घागर भरायची वाट बघत शीळ घालत बसायचा. ठरावच तसा होता, त्याला कोण काय बोलणार. दुसऱ्या शनिवारी रामकिशन सभेत ताडकन उभा राहिला.

"रोज आमीच का म्हणून?"

नरसिंग गंभीर तोंड करून म्हणाला, "तुमाला मान हाय की."

"मान तू ठेव. मला माझी सुट्टी दे."

सभा अशी हसली की चुलीजवळून बाईही पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. पाटलाच्या पोराला मान जड झालेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. पण हसून अट सुटणार नव्हती. विहीर हणमंतरावांची. रामकिशनला म्हटलं, तूच जाऊन सांग. तो गेला आणि तेच उत्तर घेऊन आला: आई जुनी आहे.

तोवर विहिरीनंच हात वर केले. बादलीत पाण्याऐवजी गढूळ रबडी येऊ लागली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. हणमंतरावांची गुरं हंबरायला लागली. गाळ काढला तर झरा मोकळा होईल, हे त्यांना कळत होतं, पण माणसं कुठून आणणार? सगळा गाव रोजगार हमीच्या खडीवर. एका सकाळी ते आमच्या फाटकात आले. "पांचाळ, तुमची पोरं द्या गाळ काढायला."

मी तोवर शहाणा झालो होतो. म्हटलं, "मला विचारू नका. उद्या शनिवार आहे, सभेत या."

हणमंतराव आले. मी केलेल्या बाकावर अंग चोरून बसले. ज्यांना ते चोर म्हणत त्या पोरांनी त्यांना सांगितलं की आपली वेळ येईपर्यंत थांबा, आधी संडासाच्या बारीचं भांडण मिटू द्या. ते भांडण लांबलं. हणमंतरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शेवटी नरसिंगनं विचारलं, "गाळाला कोण कोण चालतंय?"

"गाळाला काय, समदेच या. जितके हात तितकं बरं."

"आन् पाण्याला?" भीमा बसल्या जागेवरून म्हणाला.

हणमंतराव बाकावर सरकून बसले. मी बाईंकडं पाहिलं. त्या आपल्या हातांकडं बघत बसल्या होत्या, पण बोटं एकमेकांत घट्ट रुतवलेली होती. बापाची गोष्ट त्यांनी पोरांना अजून सांगितली नव्हती. आता बोला बाई, असं मला ओरडून म्हणावंसं वाटलं. त्या बोलल्या नाहीत.

बोलला रामकिशन. "जो गाळात उतरंल त्याची दोराची बारी. ज्याला बारी न्हाई त्यो गाळात न्हाई. आन् त्यो न्हाई तर मी बी न्हाई." मग आपले फोडांचे हात हणमंतरावांपुढं धरले. "मला एकट्याला होत न्हाई, काका."

हात वर गेले. या वेळी भीमाचा सगळ्यांत शेवटी गेला, कारण तो रामकिशनकडंच बघत राहिला होता.

हणमंतरावांनी पुन्हा आईचं नाव पुढं केलं. नरसिंग म्हणाला, "मग आजीला इचारून या. आमी कुठं जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतरावांची आई, धोंडाबाई, स्वतःच काठी टेकत आमच्या फाटकात आल्या, आणि लेक मागून खाली मान घालून. "माझ्या नावावर खपवतो व्हय रे?" म्हातारी लेकावर कडाडली. "मला इचारलं कुणी? माझ्या शेळ्या तहानेनं मरून राहिल्या आन् हे माझ्या नावानं सोवळं पाळून राहिलं." म्हातारीचं मन आधीपासूनच मोठं होतं, का शेळ्यांनी ते मोठं केलं, हे मी विचारायला गेलो नाही.

आम्ही उतरलो. सगळे. बाईंनी लुगड्याचा काष्टा मारला आणि टिकाव घेऊन तळाशी गेल्या. मी टोपल्या ओढायला दोरावर. कोण कुणाचं हे गाळानं असं पुसून टाकलं की वरून हाक मारायची तर आवाजावरूनच ओळखावं लागे. काही दिवस हेच चाललं. हणमंतरावही धोतर खोचून पायरीवर उभे राहून टोपल्या घेऊ लागले. आणि एका सकाळी खडकाच्या कपारीतून थंड पाणी बाईंच्या पायावर आलं. त्या खालून काही ओरडल्या नाहीत. नुसत्या वर बघून हसल्या, आणि पोरांनी जो कालवा केला तो चाकुरापर्यंत गेला असेल. आता लातूरची जीप आली असती तर पोरांना न्यायला नाही, पाणी प्यायलाच थांबली असती.

पाणी निवळल्यावर हणमंतरावांनी नारळ आणला. नारळ फुटला. आता रिवाजाप्रमाणं पहिलं पाणी मालकानं काढायचं. त्यांनी दोराकडं हात नेला, तसा नरसिंग मध्ये आला.

"काका, बारी हाय."

"कुणाची?"

"ओळ जिथं थांबली होती तिथूनच सुरू व्हणार."

सगळ्यांनी बाईंकडं पाहिलं. मला वाटलं, त्या नको म्हणतील, पोरांपैकी कुणाला तरी पुढं करतील. बाई तसल्या नव्हत्या. बारी म्हणजे बारी. त्या पुढं झाल्या, पायरीवर पाय ठेवला आणि क्षणभर तिथंच उभ्या राहिल्या. मग दोर हातात घेतला. माझी गडगडी कुरकुरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुताराच्या डोळ्यात भुसा जातो असं मी नेहमी सांगतो, पण त्या विहिरीवर भुसा कुठून येणार?

केरबाच्या लेकीनं पहिली बादली काढली. मग बाई एकेकाला वाढत गेल्या. ॲल्युमिनियमचे, म्हणजे जर्मनचे आमचे पेले, ते पोरांच्या हातात. पोरं प्यायली, मी प्यायलो, धोंडाबाई प्यायल्या. रांगेच्या टोकाला हणमंतराव होते. त्यांच्याजवळ पेला नव्हता. त्यांनी वाकून दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

बाईंची बादली कलली, आणि तिथंच थांबली.

"ओंजळ खाली करा, हणमंतराव," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्यात आता कुणी ओंजळीनं पीत न्हाई."

शेजारी उभ्या भीमाच्या हातातला पेला त्यांनी घेतला, काठोकाठ भरला आणि हणमंतरावांपुढं धरला. हणमंतरावांनी पेल्याकडं पाहिलं, भीमाकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी पेला घेतला आणि सगळा पिऊन टाकला.

मग बाईंनी स्वतःसाठी भरला आणि प्यायल्या. सगळ्यांत शेवटी, नियमाप्रमाणं. रिकामा पेला भीमाच्या हातात देत त्या माझ्याकडं वळल्या.

"मास्तर, उद्या दोर तुमचा."